डावखुरी रायफल

हरणाचं मटण आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते आइस्क्रीमच्या दोन लिटरच्या रिकाम्या डब्यातून. आम्ही तेव्हा टौरंगाला राहायचो आणि आई किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. पट्ट्यावरून सतत वाहत येणाऱ्या फळांतली डागाळलेली, वेडीवाकडी, मऊ पडलेली फळं वेचून बाजूला काढायची, हे तिचं काम. दिवसभर त्या पट्ट्याच्या घरघरीत उभी राहून घरी आली की पुढचा तासभर ती ओरडूनच बोलायची आणि बाबा तिला हाताने ‘हळू, हळू’ अशी खूण करायचे. तिच्या बाह्यांना फळांची बारीक तपकिरी लव चिकटलेली असायची. त्या वर्षी सोनेरी किवीच्या वेलींवर रोग आला होता, बागाच्या बागा तोडल्या जात होत्या आणि हंगाम पुरता चालतो की नाही याची सगळ्यांनाच धाकधूक होती. पट्ट्याच्या पलीकडे, आईच्या बरोबर समोर, नायरी उभी असायची. पंचावन्नच्या आसपासची, बुटकी, रुंद खांद्यांची माओरी बाई. मी सवयीने तिला ‘नायरी आंटी’ म्हणाले आणि मग वाटलं, आपलं देशी वळण उगाच दाखवलं. पण त्यांच्या घरांतही मोठ्या बायकांना आंटीच म्हणतात, तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आईची तिच्याकडे रोजची एकच तक्रार, इथल्या दुकानातल्या मटणाला वासच नाही. नायरीने आठवडाभर ऐकून घेतलं आणि एका सोमवारी तो डबा आईच्या हातात ठेवला. आईने घरी येऊन झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि म्हणाली, “हं. हा प्राणी चालत होता.” मग कपाटातून सुकं खोबरं निघालं. आई मूळची वेंगुर्ल्याकडची, वाढलेली डोंबिवलीत. वाटणाला खोबरं जवळजवळ काळं होईतो भाजायचं हा तिचा नियम. इथल्या घरांच्या छताला धुराचा अलार्म असतो. खोबरं निम्मं भाजून झालं की तो किंचाळायला लागायचा आणि बाबा हातातलं काम टाकून त्याच्याखाली उभे राहून टॉवेलने वारा घालायचे. शेजारच्यांना आमच्याकडे मटण आहे हे वासाच्या आधी त्या आवाजाने कळायचं. बाबा बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करायचे. कमी बोलायचे, जेवताना तर मुळीच नाही. त्या दिवशी त्यांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, त्यावरून आम्ही काय ते समजलो. आईने डबा परत करताना त्यात चकल्या भरून दिल्या, पुढच्या वेळी तो पुन्हा मटण घेऊन आला, आणि त्या डब्याची ये-जा सुरू झाली.

मी एकोणीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकचा एक कोर्स अर्धवट सोडला होता, दुसरा धरला होता आणि त्यातही जीव नव्हता. हे मटण येतं कुठून, असं मी नायरीला विचारलं तेव्हा तिने उत्तर दिलं नाही. “शनिवारी पहाटे पाचला तयार राहा. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही.” रोटोरुआच्या पलीकडे तिच्या भावाची मोठी शेती होती. गवताळ टेकड्या, आणि टेकड्या संपल्या की घनदाट रान. पुढचे सहा महिने रानात मी तिच्या मागून नुसती चालले. पाठीवर तिची पिशवी, हातात काही नाही. ती चार पावलं टाकायची आणि थांबायची. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबायची. सुरुवातीला मला वाटायचं, हिचे गुडघे दुखत असावेत. तिसऱ्या-चौथ्या वेळी कळलं की ती ऐकते आहे. मग मीही ऐकायला लागले. तोपर्यंत माझ्या आयुष्यात मी कुठल्याच गोष्टीसाठी इतकी गप्प बसले नव्हते, आणि गंमत म्हणजे ते मला आवडलं.

एका रविवारी जेवताना मी जाहीर केलं की मला स्वतःची रायफल घ्यायची आहे. आईने भाताची डाव तशीच हवेत धरली. तिने आयुष्यात जवळून पाहिलेली बंदूक म्हणजे डोंबिवलीतल्या बँकेच्या दारातल्या वॉचमनची, आणि ती चालते की नाही हे त्या वॉचमनलाही ठाऊक नव्हतं. “बंदूक? घरात? कुठे ठेवणार, डाळीच्या डब्यांशेजारी?” मी सांगितलं की त्यासाठी लोखंडी कपाट लागतं, ते भिंतीला बोल्टने पक्कं करावं लागतं, काडतुसं वेगळ्या जागी कुलपात ठेवावी लागतात. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “भिंत आपली नाही. घरमालकाला विचारावं लागेल.” त्यांच्या दृष्टीने प्रश्न भिंतीचाच होता. घरमालक हो म्हणाले, बाबांनी कपाट स्वतः बसवलं आणि ते हलतं का हे बघायला त्याला तीनदा लाथ मारली.

परवान्याचा वर्ग मी केला, लेखी परीक्षाही पास झाले. नियम थोडे होते आणि कडक होते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं. समोर काय आहे याची पुरती खात्री पटल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. गोळी लक्ष्याच्या पलीकडे कुठे जाईल हे आधी बघायचं. मग शेवटची पायरी राहिली. पोलिसांतर्फे एक गृहस्थ घरी येऊन माझी मुलाखत घेणार आणि नंतर, मी तिथे नसताना, घरातल्या जवळच्या माणसाची. जवळचं माणूस म्हणून मी आईचं नाव लिहिलं होतं. ते मी अजिबात विचार न करता लिहिलं होतं.

आलेले गृहस्थ वयस्कर होते, पायातले बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आले, तेवढ्यावर आई खूश. माझी मुलाखत झाली, कपाट बघून झालं आणि मला माझ्या खोलीत पाठवण्यात आलं. इथल्या घरांच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या, आणि आई नुकतीच कामावरून आलेली. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“तुमची मुलगी रागीट आहे का?”

“नाही. रडकी आहे.”

“दारू वगैरे?”

“वाइनचा अर्धा ग्लास घेते आणि झोपून जाते.”

“मग तिच्याकडे रायफल असायला तुमची काही हरकत नाही?”

चिवड्याची बशी पुढे सरकवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “आहे.”

मी पलंगावरून उठून उभी राहिले.

“ती विसरते,” आई सांगत होती. “मागच्या महिन्यात गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या. दोनदा स्टोव्ह चालू ठेवून बाहेर गेली. मुलगी चांगली आहे. पण मी रोज आठ तास फळं निवडते साहेब, मला दिसतं. ही खराब नाही. कच्ची आहे.” मग जरा थांबून, “कपाटाची किल्ली माझ्याकडे राहू दे. मग माझी हरकत नाही.”

“ते चालत नाही,” ते गृहस्थ म्हणाले. “किल्ली परवाना असलेल्या माणसाकडेच हवी. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागता कामा नये. तुमच्यासुद्धा.”

“म्हणजे सगळं तिच्यावरच?”

“सगळं तिच्यावरच.”

“मग दोन महिने थांबा. हंगाम संपला की या. तेव्हा सांगते.”

त्यांनी फाइल उघडी ठेवायचं कबूल केलं, आणखी थोडा चिवडा मागून घेतला आणि बूट घालून गेले. मी दोन दिवस आईशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भांडी पुसताना माझ्याच्याने राहवलं नाही. “तू माझी बाजू घ्यायला हवी होतीस.”

“मी तुझीच बाजू घेतली,” आई म्हणाली, आणि पुढची ताटली माझ्या हातात दिली.

ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. गाडीच्या किल्ल्या बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात बांधल्या. घराबाहेर पडताना दारात उभी राहून मोठ्याने म्हणायची, “स्टोव्ह बंद. मागचं दार बंद. किल्ली गळ्यात.” बाबा पेपरमधून डोकं वर न काढता प्रत्येक शब्दाला मान हलवायचे. आईने एकदाही काही म्हटलं नाही, टोमणा नाही की शाबासकी नाही, पण मी बाहेर पडल्यावर ती स्टोव्हकडे बघून येते हे मला माहीत होतं, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात तिने तेही सोडलं. आज माझ्या केसांत पांढरे डोकावायला लागलेत आणि मी अजूनही दारात ती तीन वाक्यं मोठ्याने म्हणते. माझ्या मुलाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. तो म्हणतो, मम, घराला ऐकू गेलं, आता चल.

ते गृहस्थ दुसऱ्यांदा आले तेव्हा ते खुर्चीवर बसायच्या आतच आईने सांगितलं, “आता द्या.” त्यांनी तेवढंच लिहून घेतलं असावं, कारण पाचव्या मिनिटाला ते चिवड्याची चौकशी करत होते.

रायफल घ्यायला आम्ही तिघी गेलो. नायरी जाणकार म्हणून, आणि आई, मी नको म्हणत असताना, हातात पर्स घेऊन. मी काय घ्यायचं ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. अक्रोडाच्या लाकडाचा गडद दस्ता, त्यावर बारीक नक्षी, लांब निळसर नळी. तिचा फोटो चार महिने माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर होता. काडतूस मोठ्यातलं मोठं. माझ्याच वयाच्या, दाढीवाल्या विक्रेत्याने ती भिंतीवरून काढली, बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवायचा दांडा, मागे ओढून आत काही नाही हे आम्हाला दाखवलं आणि मला म्हणाला, “हिने तू काहीही पाडू शकतेस.”

“काहीही म्हणजे?” नायरीने विचारलं. “आमच्याकडे हत्ती नाहीत.”

तिने मला एक युक्ती सांगितली. डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. मापाची असेल तर स्कोपमध्ये, म्हणजे नळीवरच्या दुर्बिणीत, अख्खं गोल चित्र दिसतं. मी डोळे उघडले तर काळोख, आणि एका कडेला चंद्रकोरीएवढा उजेड. मान पुढे ताणली, खांदा मागे घेतला, पाठ वाकवली. “दिसतंय,” मी खोटंच म्हणाले. मग बोल्ट ओढायला गेले आणि हात अडखळला. खरं तर मला नेम कधीच नीट जमला नव्हता. रानातून परतल्यावर नायरीची रायफल तिच्या भावाच्या शेतावर मी अधूनमधून चालवून पाहायची, आणि तिची समजूत अशी झाली होती की ही पोर आवाजाला घाबरते.

आई काउंटरला टेकून हे सगळं पाहत होती. बंदुकीतलं तिला काही कळत नव्हतं, पण हात बघायची तिला सवय. ती विक्रेत्याला म्हणाली, “ही डावखुरी आहे.”

नायरीने चमकून माझ्याकडे पाहिलं. “तू तर उजव्या हाताने लिहितेस.”

“लिहिते. जेवते. ते मी शिकवलं,” आई म्हणाली. ती इंग्रजीतच बोलत होती, एकेक शब्द सुटा करून. “लहानपणी मी हिचा हात बदलला. डाव्या हाताने घास उचलला की मी चापट मारायची. बाकी सगळं ही अजून डाव्यानेच करते. चेंडू फेकते, केर काढते, लाटणं डावीकडे जोर देऊन फिरवते, म्हणून हिच्या पोळ्या एका बाजूला जाड.” मग त्या दाढीवाल्याकडेच बघत, माझ्याकडे मुळीच न बघता, ती म्हणाली, “ते मी चुकीचं केलं.”

विक्रेत्याने मला हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी खिडकी करायला लावली आणि त्यातून समोरच्या घड्याळाकडे बघत एकेक डोळा मिटायला सांगितला. डावा मिटला की घड्याळ गायब. “डावा डोळा,” तो म्हणाला. “तुझी मम बरोबर आहे.” मी आईकडे पाहिलं. ती पर्समध्ये रुमाल शोधत होती, जो तिच्या हातातच होता.

डावखुऱ्या माणसासाठीची, म्हणजे बोल्ट डाव्या बाजूला असलेली, रायफल दुकानात एकच होती, आणि ती जुनी. काळ्या प्लॅस्टिकचा दस्ता, त्यावर ओरखडे, काडतूस लहान, नळी आखूड. आधीची मालकीण कुणी बुटकी बाई असावी, दस्ता कापून लहान केलेला. मला तिच्याकडे बघवेना. “ही प्लॅस्टिकच्या बादलीसारखी आहे,” मी म्हणाले.

“बादली पावसात फुगत नाही,” नायरी म्हणाली. “आणि तुला ती डोंगरावर न्यायची आहे, भिंतीवर टांगायची नाही. डोळे मीट.”

मी डोळे मिटले. या वेळी डाव्या खांद्याला लावली. हातांना काही सांगावं लागलं नाही, ते आपापल्या जागी गेले. डोळे उघडले तर समोरच्या घड्याळातला सेकंदकाटा स्कोपच्या बरोबर मध्यावर, स्वच्छ, एकेक घर पुढे सरकताना दिसत होता. “लहान काडतूस पुरेल का?” मी विचारलं. “हरणाला पुरेल. जवळ जावं लागेल,” नायरी म्हणाली. “जवळ जायला शीक. मोठी बंदूक घेणारे लांबून मारतात आणि मग दिवसभर जखमी जनावर शोधतात.” मी ती घेतली. आईने पैसे देण्याआधी विक्रेत्याला बोल्ट पुन्हा मागे घ्यायला लावला, वाकून स्वतः आत पाहिलं आणि मला मराठीत सांगितलं, “रिकामी आहे.” बाहेर पडताना मी अक्रोडाच्या त्या दस्त्याकडे दोनदा वळून पाहिलं, हे कबूल करायला हवं.

पुढच्या आठवड्यात शंभर मीटरवर मी पाच गोळ्या झाडल्या. पाचही चहाच्या बशीएवढ्या जागेत. नायरी दुर्बिणीतून बघत होती, ती म्हणाली, “स्वीट ॲज,” म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि मग बराच वेळ पुटपुटत राहिली की सहा महिने, सहा महिने मी हिला उलट्या खांद्यावर झाडायला लावलं. ऑकलंडला, माउंट रॉस्किलमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत ही बातमी पोचली तेव्हा एका काकूंनी आईला फोनवर विचारलं, मुलीला एवढं मोकळं कसं सोडलंस. आईने त्यांना सांगितलं की सोडलं नाही, पोलिसांना विचारून बंदूक दिली.

पहिलं हरीण मला दिसलं ते कड्यावर. सकाळचं ऊन नुकतंच टेकडीवर आलेलं, आणि नर अगदी आकाशाला टेकून उभा. मी गवतात आडवी झाले, सेफ्टी काढली. स्कोपमध्ये त्याच्या कानांमागचे केससुद्धा दिसत होते. त्याच्या मागे मात्र नुसतं आभाळ. गोळी चुकली किंवा आरपार गेली तर पलीकडच्या उतारावर कुठे जाईल ते मला दिसत नव्हतं. मी सेफ्टी पुन्हा लावली. नर आणखी मिनिटभर तसाच उभा राहिला, जणू मला पुरता वेळ देत होता, आणि मग शांतपणे पलीकडे उतरून गेला. मला रडू येत होतं. नायरीने थर्मासमधून चहा ओतला आणि पहिला कप मला दिला. एरवी पहिला कप ती स्वतः घ्यायची.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका ओढ्याच्या वरच्या अंगाला, दीडेक वर्षाची मादी चरताना दिसली. आम्ही साठ पावलांपर्यंत गेलो, बहुतेक रांगत. मागे मातीचा उभा उतार होता. मी श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. ती दोन उड्या मारून पडली, आणि आम्ही पोचलो तेव्हा तिच्यात जीव नव्हता. मी आधी बोल्ट उघडून रायफल रिकामी केली आणि बाजूला ठेवली. मी तिच्याशेजारी बसले. तिच्या अंगाला गवताचा आणि ओल्या लोकरीसारखा वास होता, आणि पोट अजून गरम होतं. नायरीने तिच्या मानेवर हात ठेवला आणि माओरीत हळू आवाजात काहीतरी म्हटलं, फार मोठं नाही. मला शब्द कळले नाहीत. मग तिने सुरी काढून माझ्यापुढे धरली आणि काय कुठे कापायचं ते एकेक करून सांगितलं. दोन फेऱ्यांत आम्ही सगळं मटण गाडीपर्यंत आणलं. दुसऱ्या फेरीला माझे खांदे इतके भरून आले होते की मी मध्येच बसून हसायला लागले, आणि नायरीही कारण न विचारता हसायला लागली.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आई बाहेर गेली होती. बाबा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून मागच्या अंगणात मेथीला पाणी देत होते. मी रायफल आत नेली, रिकामी आहे ना बघितलं, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मग मटणाची एक मांडी दोन्ही हातांत धरून अंगणात आले. त्यांनी नळ बंद केला. मांडीकडे पाहिलं, मग माझ्या बाह्यांकडे, मग माझ्याकडे.

“वाईट वाटलं?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “बराच वेळ.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले. त्यांनी ती मांडी माझ्या हातातून घेतली, जड होती म्हणून छातीशी धरली, आणि कोपराने दार ढकलून माझ्या पुढे घरात गेले.